पाठीमागे नाव नसलेले छायाचित्र

दिवाळीपूर्वीची झाडलोट म्हणजे आमच्या घरी दरसाल होणारे एक लहानसे उत्खननच. यंदा माळ्यावरील पत्र्याची पेटी खाली आली. जुनी पंचांगे आणि शेतीचे उर्दू कागद यांच्या तळाशी जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले एक छायाचित्र निघाले. फौजी गणवेशातील एक तरुण उभा आहे. मागे रंगविलेल्या बागेचा पडदा आहे. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा अंगाशी ताठ. नजर समोर नसून किंचित पलीकडे कोठेतरी लागलेली. नातवाने विचारले, "आजोबा, हे कोण?" आम्ही छायाचित्र उलटे केले. पुठ्ठ्याची पाठ कोरी होती.

आमच्या थोरल्या आत्या सर्वपित्री अमावास्येला हेच छायाचित्र पाटावर मांडून त्यास गंधफूल वाहत, हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक. "फौजेतून परत आलेलं आपलं माणूस," एवढेच त्या म्हणत आणि पुढच्या कामाला लागत. नाव त्यांना ठाऊक असणारच. आम्ही ते कधी विचारले नाही. विचारू केव्हातरी, असे म्हणत राहिलो. आत्यांना जाऊन आता दोन वर्षे झाली. नातवाच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते देऊ शकणारेही आता कोणी उरले नव्हते.

इचोडा हे आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील गाव. येथील मराठी घरे आजकालची नव्हेत. प्रथम निजामाचे हैदराबाद संस्थान, पुढे हैदराबाद राज्य, १९५६ पासून आंध्र प्रदेश आणि २०१४ पासून तेलंगण, अशी राज्ये आमच्या अंगणातून येऊन गेली. १९५६ साली याच जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे मुलूख तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आम्ही होतो तेथेच राहिलो. सीमा हलली, माणसे हलली नाहीत. अशा समाजाचा इतिहास ग्रंथांत फारसा सापडत नाही. तो पेट्यांत असतो, भिंतीवरील तसबिरींत असतो, आणि वृद्ध माणसांच्या जिभेवर असतो. त्यांतली जीभ थांबली की पेटी मुकी होते.

त्या अनामिक शिपायाने आम्हांस काही दिवस स्वस्थ बसू दिले नाही. शिपाई आणि छायाचित्र यांचा संबंध आपल्या या प्रांती कधीपासून आला, हे शोधू लागलो आणि एका विलक्षण माणसापाशी येऊन थांबलो. तो स्वतःच शिपाई होता, आणि पुढे छायाचित्रकार झाला. त्याची सारी हयात याच निजामी मुलुखाच्या पश्चिम टोकास गेली. या महिन्याचे हे सदर आम्ही त्याच्या स्मरणास देत आहो. त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल.

गिलचे नाव मराठी वाचकांस अगदीच अपरिचित नाही. अजिंठ्याच्या परिसरातील पारो नावाची स्त्री आणि हा गोरा अधिकारी यांच्या प्रेमाची कथा सर्वतोमुखी आहे. कविवर्य ना. धों. महानोर यांनी 'अजिंठा' या काव्यात ती गायिली आणि २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला. परंतु कथेतील गिल प्रियकर आहे. फार तर चित्रकार आहे. काचेच्या तावदानांची पेटी घेऊन डोंगर चढणारा, हात रसायनांनी काळे झालेला गिल त्या कथेत क्वचितच दिसतो. आमचे लक्ष त्याच्याकडे आहे.

त्याचा जन्म १८०४ सालचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत तो तरुणपणी दाखल झाला आणि ४४ व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीत अधिकारी झाला. अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली ती याच फौजेच्या एका दुसऱ्या अधिकाऱ्यामुळे. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीस गेलेला जॉन स्मिथ वाघोरा नदीच्या दरीत लेण्यांच्या तोंडाशी पोहोचला. त्याने आपल्या भेटीची खूण कशी ठेवली, तर दहाव्या लेण्यातील खांबावर, जुन्या चित्रावरच, आपले नाव व तारीख कोरून! ते नाव आजही तेथे आहे. नाव लिहावयास हवे हे खरे. परंतु ते कोठे लिहावे याचाही विवेक हवा.

पुढे जेम्स फर्ग्युसन हा वास्तुकलेचा अभ्यासक १८३९ साली अजिंठ्यास येऊन गेला. भिंतींवरील चित्रे ओल, वटवाघळे आणि हौशी प्रवासी यांच्यामुळे झपाट्याने नष्ट होत आहेत, हे त्याने पाहिले. आलेले पाहुणे रंगाचे कपचेच्या कपचे भिंतीवरून उतरवून नेत. १८४३ साली त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे हा प्रश्न मांडला. परिणामी, चित्रांच्या नकला करवून घ्याव्यात असे कंपनीच्या संचालकांनी ठरविले आणि १८४४ साली त्या कामासाठी कॅप्टन गिलची निवड झाली.

वाचकांनी कल्पना करावी. चाळिशीचा एक फौजी अधिकारी पलटण सोडून डोंगरातील लेण्यांच्या कामी येतो. मुक्काम अजिंठा गावातील बारादरीत. तेथून लेणी काही कोस दूर. लेण्यांच्या आत उजेड नाही, भिंती काळवंडलेल्या, माथ्यावर वटवाघळे, दरीत वाघ. त्या अंधारात दिवसामागून दिवस उभे राहून भिंतीवरील आकृती तिच्या मूळ आकाराएवढ्या कापडावर तैलरंगात उतरवावयाची. हे काम काही महिन्यांत उरकेल असे लंडनच्या कचेरीत कोणास वाटलेही असेल. गिलला त्यासाठी उरलेले आयुष्यही पुरले नाही.

त्याने चितारलेली सुमारे तीस मोठी चित्रे टप्प्याटप्प्याने लंडनला गेली. तेथे ती सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहावयास मांडली गेली. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या काचमहालाच्या एका भागास आग लागली आणि त्यांतील बहुतेक चित्रे एका दिवसात भस्मसात झाली. चार-पाच तेवढी वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. वीस वर्षांचा घाम सातासमुद्रांपलीकडे, तो गाळणाऱ्याच्या डोळ्यांआड, राख झाला.

परंतु त्यापूर्वी दहा वर्षांच्या सुमारास गिलच्या हाती एक दुसरे साधन आले होते. ते म्हणजे कॅमेरा.

शिपायांच्या हाती कॅमेरा का आला, हेही सांगावयास हवे. ऐतिहासिक वास्तू आणि शिलालेख यांची नोंद ठेवण्याचे काम कंपनीने चित्रकारांकडून काढून १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळविले, कारण ते स्वस्त, जलद आणि बिनचूक होते. इंग्लंडातील अ‍ॅडिसकोम्ब येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयात छायाचित्रण शिकविले जाऊ लागले. कॅप्टन बिग्ज हा मुंबईच्या तोफखान्यातील अधिकारी विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेत हिंडला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्या लोकांतील पहिल्या छायाचित्रकारांपैकी एक होते. अजिंठ्याच्या कार्यातही या घराण्याचा हात लागला. लेण्यांतील शिलालेखांचे वाचन करून भाऊ दाजींनी १८६३ साली आपला निबंध मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. गिल भिंती आणि खांब टिपीत होता त्याच काळात एक मराठी विद्वान त्याच भिंतींवरील अक्षरे लावीत होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्या काळचे छायाचित्रण आजच्यासारखे बोटाच्या टोकावरचे काम नव्हते. स्वच्छ घासलेल्या काचेवर कलोडियनचा चिकट द्रव समप्रमाणात ओतावयाचा. ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून प्रकाश द्यावयाचा आणि लगोलग काळ्या तंबूत नेऊन चित्र उमटवावयाचे, मग ते पक्के करावयाचे. थर वाळला की काच निकामी. इंग्लंडच्या थंड हवेत जो अवकाश मिळे, तो अजिंठ्याच्या उन्हाळ्यात कोठून मिळणार? म्हणजे काचा, बाटल्या, पाणी आणि तंबू हे सारे लेण्याच्या तोंडापर्यंत माणसांच्या डोक्यावरून न्यावयाचे आणि दर चित्रामागे घामाघूम व्हावयाचे. गिल बहुधा दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने जोडचित्रे घेई. ती चित्रे विशिष्ट दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की सपाट कागदावरील खांब एकापुढे एक उभे राहत आणि लेण्याची खोली डोळ्यांस जाणवे. घरबसल्या लेण्यात शिरल्याचा भास होई.

आणखी एक अडचण होती, ती कोणत्याही कष्टाने दूर होण्यासारखी नव्हती. त्या काचेला निळा प्रकाश तेवढा चांगला कळे. तांबडा आणि पिवळा तिच्या लेखी जवळजवळ अंधारच. अजिंठ्याच्या चित्रांत तर गेरू, पिवळी माती आणि हिरवे खनिज यांचाच भर. म्हणून भिंतीवरील चित्रांसाठी कुंचलाच हवा होता; कॅमेरा वास्तूसाठी, खांबांसाठी, मूर्तींसाठी. गिलने दोन्ही साधने आपापल्या जागी वापरली. छायाचित्रांत त्याने अजिंठा आणि वेरूळच नव्हे, तर लोणार आणि वऱ्हाडातील देवळेही टिपली.

१८६४ साली फर्ग्युसनच्या विवेचनासह गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनला निघाली. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे, दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू आणि निसर्ग यांची १०० जोडचित्रे. त्या काळी छापखान्यात छायाचित्र छापता येत नसे. प्रत्येक प्रतीत खरीखुरी छायाचित्रे हाताने चिकटवीत. दोन वर्षांनी क्रिस्टल पॅलेस जळाला तेव्हा चित्रे गेली, पण छायाचित्रे उरली, कारण त्यांच्या प्रती अनेक घरांत, अनेक ग्रंथालयांत विखुरल्या होत्या. रंगीत, पूर्णाकृती, एकमेव असे जे होते ते गेले. बिनरंगाचे, तळहाताएवढे, पण अनेकांपाशी असलेले तेच टिकले.

दैवाची गंमत अशी की या अनुभवातून पुढीलांनी धडा घेतला नाही. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना घेऊन तेरा वर्षे पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि त्यांतील पुष्कळशा १८८५ साली तेथेच आगीत जळाल्या. त्यातच, चित्रे उजळ दिसावीत म्हणून नकला करणाऱ्यांनी त्या शतकात मूळ भिंतींवर चढविलेले रोगण पुढे काळे पडले. ते काढण्यासाठी निजाम सरकारला १९२० नंतर इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलवावे लागले. जे जपावयाचे त्यालाच जपणाऱ्याचा हात बाधतो, ही कबुली गिलच्या चाहत्यांनीही द्यावयास हवी.

आता पारोविषयी थोडे. तिच्याविषयी काव्य पुष्कळ आहे. कागद थोडा आहे. गिल विवाहित होता, त्यास मुलेबाळे होती, हे कथेत सहसा सांगितले जात नाही. आणि त्या पत्नीचे दुःख कोणी गायिले नाही. पारो १८५६ साली वारली. तिची कबर अजिंठा गावात आहे आणि तिच्यावरील शिळेवर गिलने तिचे नाव, आपल्या स्नेहाचा उल्लेख आणि मृत्यूची तारीख इंग्रजीत कोरून घेतली. त्या काळी अशा संबंधांतील एतद्देशीय स्त्रियांची नावे बहुधा कागदावर येतच नसत. त्या येत आणि इतिहासातून निघून जात. पारो गेली नाही, कारण कोणीतरी तिचे नाव दगडावर लिहिले. तेवढ्या एका शिळेच्या आधारावर पुढचे काव्य आणि चित्रपट उभे आहेत.

याच्या उलट गिलच्या छायाचित्रांतच पाहा. काही चित्रांत खांबाशेजारी एखादा माणूस बसलेला वा उभा दिसतो. खांब किती उंच हे कळावे म्हणून त्यास तेथे ठेवलेले. तो कोण? पाणी वाहणारा, पेटी उचलणारा, की वाट दाखविणारा? काच ओली असेतो त्यास निश्चल राहावे लागले. तो राहिला, म्हणून आज आपण त्यास पाहू शकतो. पण त्याचे नाव कोणी लिहिले नाही. लेण्यातील दगडी मूर्तीचा तपशील पुस्तकात पानभर आहे; शेजारच्या जिवंत माणसाचा एक शब्द नाही. तो फक्त माप झाला.

हे वाचताना आमच्या पेटीतील शिपाई आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याचाही चेहरा आहे, नाव नाही. गिलने त्या माणसाशी जे केले तेच आम्ही आमच्या माणसाशी केले. गिल निदान परका होता.

क्रिस्टल पॅलेसच्या आगीनंतर गिल साठी ओलांडलेला होता. पलटणीतून निवृत्त झालेला, मायभूमीस परतावयास मोकळा. कोणीही म्हटले असते, झाले ते पुष्कळ झाले. परंतु त्याने अजिंठ्याचे काम पुन्हा हाती घेतले. आम्ही त्यास संत ठरवीत नाही. तो शिकारीचा वेडा होता, वाघ मारण्यात त्याची ख्याती होती, आणि परक्या सत्तेचा तो चाकर होता. तथापि ठाणे न सोडणे हा शिपायाचा गुण त्याच्या अंगी पूर्ण मुरलेला होता. ज्या चौकीवर नेमले ती चौकी त्याने पस्तीस वर्षे सोडली नाही. मग ती चौकी तोफेची नसून भिंतीवरील चित्रांची का असेना. १८७९ साली तो वारला. भुसावळ येथे त्याची कबर आहे. रेल्वेच्या त्या गजबजलेल्या गावातून आपल्यापैकी कितीतरी जण गाडी बदलून पुढे गेले असतील.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यासही अशा एका परक्याचे ऋण आहे. तो शिपाई नव्हे, मानवशास्त्रज्ञ होता. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात उटनूरच्या डोंगरांतील मारलवाई येथे राहून राजगोंडांचे जीवन छायाचित्रांत आणि ग्रंथांत नोंदविले. त्यांच्या पत्नी बेटी १९८७ साली निवर्तल्या. त्यांचे दफन मारलवाईतच झाले आणि पुढे पतीच्या अस्थीही तेथेच आल्या. ती छायाचित्रे आज लंडनच्या विद्यापीठात सांभाळलेली आहेत. शेजारच्या गोंड कुटुंबास आपल्या आजोबांचा चेहरा तेथे सापडण्याचा संभव आहे, आणि आम्हा मराठी घरांस मात्र आपल्याच पेटीतील चेहरा ओळखता येत नाही!

निर्मलच्या कारागिरांची लाकडी तबके आपण लग्नकार्यांत आहेर म्हणून देतो. त्यांवर अजिंठ्याच्या धर्तीच्या आकृती रंगविलेल्या असतात. अर्धमिटल्या डोळ्यांची ती कमळधारी आकृती आपण दिवाणखान्यात मांडतो. ती कोणाची, कोणत्या लेण्यातली, हे विचारत नाही. नित्य डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूचे नाव आपण विचारीत नाही, हीच गोष्ट मुळाशी आहे. आत्यांना नाव न विचारण्याचे कारणही हेच होते. त्या नित्य डोळ्यांसमोर होत्या.

म्हणून या महिन्यात वाचकांस एकच विनंती. दिवाळीचा फराळ उरकला की एके दुपारी घरातील छायाचित्रे खाली काढावीत आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे. एकेक छायाचित्र त्यांच्या हाती द्यावे आणि विचारावे. ते जे सांगतील ते छायाचित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. नाव, गाव, नाते आणि आठवेल ते साल एवढे पुरे. शाईने लिहू नये. ती कालांतराने पुढे फुटते. काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये. जुन्या छायाचित्राची नक्कल करून एक प्रत भावाकडे, एक लेकीच्या सासरी ठेवावी. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. नक्कल करण्यास क्षणही लागत नाही. गिलची चित्रे एका छपराखाली होती म्हणून गेली, छायाचित्रे अनेक छपरांखाली होती म्हणून राहिली, हे विसरू नये. आणि फौजेत गेलेला कोणी घरात असेल, तर त्याची पलटण कोणती आणि तो कोठे कोठे गेला, हे तो हयात असतानाच लिहून घ्यावे. शिपायाची जात आपण होऊन बोलणारी नसते.

आमच्यापुरते म्हणाल तर उशीर झालाच आहे. तरीही परवा रात्री आम्ही ते छायाचित्र उलटे ठेवले, पेन्सिल घेतली आणि नातवाला शेजारी बसविले. तो म्हणाला, "आजोबा, नाव तर माहीत नाही. मग काय लिहिणार?" आम्ही म्हटले, "जे माहीत आहे ते." आणि त्याच्याच हाताने त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहविले: आपल्या घरचे. फौजेतून परत आले. थोरल्या आत्या सर्वपित्रीला यांना फूल वाहत. मु. इचोडा.

नावाची जागा आम्ही मोकळी सोडली आहे. आजूबाजूच्या गावांतील एखाद्या वृद्ध वाचकास हा चेहरा ओळखू आला, तर त्याने अवश्य घरी यावे. पेन्सिल तेथेच ठेवलेली आहे.